खाकी डगल्याचा नियम

भागाआक्कांनी मला शिलाई मशीन दिली, ती ठेवायला दुकानाचा कोपरा दिला, आणि माझ्या लेकीचं नाव शाळेत घालायची वेळ आली तेव्हा ‘ही माझी माणसं हायेत’ म्हणून माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. हे आधी सांगून ठेवते. कारण पुढं जे येणार आहे त्यात लोक त्यांना नाही नाही ते बोलले आहेत, आणि ते वाचताना तुमच्या मनात आधी हे असावं, एवढंच.

मी भंडाऱ्याकडची. सातवीत शाळा सुटली. नवरा जालन्याला सळयांच्या कारखान्यात लागला म्हणून इकडं आले. पुढं तो कामासाठी गुजरातेत गेला आणि हळूहळू त्याचा फोन लागेनासा झाला. परत जायला तोंड नव्हतं. आमच्याकडं धान निघालं की गावोगाव नाटकं होतात. माझा काका त्या नाटकांचे कपडे शिवायचा आणि त्याच्या हाताखाली मी काज-बटन शिकलेली होते. जुन्या जालन्यात कापडाच्या गल्लीतून फिरताना ‘सर्व प्रकारचे ड्रेस भाड्याने मिळतील’ अशी पाटी दिसली, म्हणून भीत भीत आत गेले. आक्का खाली बसून रावणाच्या डोक्यांना चमकी लावत होत्या.

“काय पायजे?” वर न बघता विचारलं.

“काम पाहिजे.”

“कुठची गं तू?”

“भंडाऱ्याची.”

“तिकडं रातभर नाटकं चालतात म्हणं, खरं का?”

“हो.”

“मंग हे डोकं धर. हलवू नको.”

झालं. त्या दिवसापासून मी त्यांची भंडारेवाली. माझं नाव त्यांना नीट माहीत होतं, पण हाक तीच.

आक्का तेव्हा साठीच्या पुढं होत्या. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, नऊवारी सोडून सहावारीत आलेल्या, पण पदर अजून नऊवारीसारखा खोचायच्या. तोंडात कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या असत. गिऱ्हाइकाशी बोलणंही त्या टाचण्यांमधूनच व्हायचं, त्यामुळं निम्मं कळायचं नाही आणि लोक ‘हो हो’ म्हणून मोकळे व्हायचे. आक्कांनी टाचण्या काढून मशीनजवळच्या टाचण्यांच्या गादीला टोचल्या की समजायचं, आता खरं बोलणं आहे.

दुकानात डांबरगोळ्यांचा वास आणि पत्र्याच्या पेट्या. एक देवांची, एक राजांची, एक पुढाऱ्यांची, एकीत जनावरं आणि भाज्या, आणि सगळ्यात खाली वंगाळ लोकांची पेटी. तीत रावण, कंस, यमाचा रेडा, गोरा साहेब आणि रझाकार. आक्का कपड्यांना कपडे म्हणतच नसत. “साहेब काखेत उसवलाय, बघ.” “कंसाला ऊन दाखव गं, बुरसा आलाय त्याला.” “हत्तीची सोंड घेऊन गेल्ता तो मास्तर, आणली का परत?” नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई भ्रमिष्ट आहे.

गॅदरिंगचे दिवस सोडले तर मोठी माणसंही यायची. कुणाला लग्नाच्या वाढदिवसाला नवाबासारखा फोटो काढायचा असायचा, कुणाला व्हिडिओ करायचा असायचा. एकदा एक कॉलेजचा पोरगा आला. मोबाईलवर चित्र दाखवलं. जर्मन फौजेचा करडा कोट, दंडावर लाल पट्टी आणि त्यावर ते वाकडं चिन्ह. म्हणाला, “सेम टू सेम शिवून द्या.”

आक्कांनी टाचण्यांमधूनच विचारलं, “कोणाचा हाय हा?”

“जर्मनीवाल्यांचा. लै कडक दिसतो, आक्का. लै शिस्तीचे लोक होते ते. अन् हे तर आपलं स्वस्तिकच हाय.”

आक्कांनी टाचण्या काढल्या. “त्या शिस्तीत त्यांनी काय केलं, ते म्हाईत हाय का?”

“मारलं ना लोकांना. पण ते तिकडं. आपल्याला काय?”

आक्कांचा मोठ्या माणसांसाठी एक नियम होता. वंगाळ पेटीतलं काही न्यायचं असेल तर ते आधी अंगात घालायचं, गल्लीच्या तोंडाशी टपरीवर जाऊन चहा प्यायचा आणि परत यायचं. मग भाड्याची बोलणी. तसला कोट दुकानात नव्हता. आक्कांनी बँडवाल्याचा जुना करडा कोट काढला, माझ्याकडून लाल कापडावर ते चिन्ह टाचून घेतलं आणि पोराला सांगितलं, “जा. चहा पेऊन ये.”

पोरगा ऐटीत गेला. टपरीवर हमाल बसलेले. एकानं विचारलं, “सर्कस कुठं उतरली रं?” दुसरा म्हणाला, “न्हाई, लग्नातला बँड चुकला असंल.” एक म्हातारे वकील तिथं रोज चहाला यायचे. त्यांनी चष्मा वर केला, पट्टीकडं बघितलं आणि कप तसाच ठेवून उठून गेले. पोरगा परत आला, कोट काढला. म्हणाला, “ते आजोबा काहून उठले?”

“आता तू त्यांना विचार. मी काय सांगू?”

तो मावळ्याचा ड्रेस घेऊन गेला. वकिलांना त्यानं विचारलं की नाही, मला ठाऊक नाही.

आक्का म्हणायच्या, “आरशात माणूस आपलं आपल्याला बघतो. समोरचा काय बघतो, ते टपरीवर कळतं.” पण त्या सगळ्यांनाच अडवायच्या असंही नाही. भोकरदनकडचे एक म्हातारे दर वर्षी पितळी बिल्ला घेऊन यायचे. त्यांचे वडील निजामाच्या पोलिसात होते, त्यांच्या पट्ट्याचा तो बिल्ला. आक्का तो चिंचेनं लख्ख घासून द्यायच्या. म्हाताऱ्यांच्या घरात त्यावरून भांडणं होती. मुलगा म्हणायचा, गद्दारीची खूण भिंतीवर कशाला? आक्कांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, “दादा, बाप तुमचा, बिल्ला तुमचा. भिंतीवर लावा. छातीवर लावून बाहेर निघू नका. बाहेर दुसऱ्याचा बी बाप हाय.” म्हातारे मान डोलवायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचे.

मोठ्यांना रस्त्यावरून चालवणाऱ्या आक्का लेकरांच्या बाबतीत बरोबर उलट्या होत्या, आणि ते रझाकाराच्या डगल्यापुरतं.

इकडं सतरा सप्टेंबरला मुक्तिदिन असतो. शाळांत झेंडावंदन होतं, नाटुकली होतात. निजामाच्या शेवटच्या काळात रझाकारांनी गावोगाव लूटमार केलेली, त्यामुळं त्या नाटुकल्यात एक तरी रझाकार लागतोच. खाकी डगला, काळी टोपी, चामडी पट्टा. हा ड्रेस आक्का कुणाच्या हातात देत नसत. स्वतः पेटी घेऊन शाळेत जायच्या. लेकरू स्टेजच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवील तेव्हा अंगात घालायचा, खाली उतरताना शेवटच्या पायरीवर काढून घ्यायचा. डगला घालून मैदानात हिंडायचं नाही, घरी जायचं नाही, फोटो काढायचा नाही. आणि आणखी एक अट, जी मास्तरांना जड जायची. रझाकार कोण होणार, हे वर्गातल्या सगळ्या पोरांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

“न्हाई तर काय होतं,” आक्का मला म्हणाल्या, “वर्गात एखादंच मुसलमानाचं लेकरू असतं. मास्तर डोळे झाकून त्यालाच उभं करतात. म्हणतात, शोभतं. मंग वर्षभर पोरं त्याला त्याच नावानं बोलावतात.”

“पण नाटकच ना, आक्का.”

त्या दिवशी आम्ही अंगणात बसून बटनं लावत होतो. त्यांनी टाचण्या काढल्या.

“मी चौथीत व्हते. गॅदरिंगात गावगाडा दाखवायचा ठरला. पाटील पाटलाचा पोरगा, कुलकर्णी कुलकर्ण्याचा. येसकर कोण? तर मास्तर मला म्हणले, तुझ्या घरी काठी असंलच, घेऊन ये.”

येसकर म्हणजे गावाच्या वेशीवर राखण करणारा, घुंगराची काठी आपटत निरोप देत हिंडणारा. त्यांच्या वडलांनी धम्म घेतला तेव्हाच ते काम सोडलं होतं. काठी मोडून चुलीत घातलेली.

“मी बापाला सांगितलंच न्हाई. निरगुडीची फांदी तोडली अन् गेले. स्टेजवर काठी आपटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून पोरं मला म्हणायला लागली, ए येसकरणी, सांगावा आण. पाणी भरायला गेलं तरी तेच, रानात गेलं तरी तेच. बापानं सोडलेलं मला परत चिकटलं. मंग मी शाळेतच गेले न्हाई.” आणि लगेच, “ते बटन उलटं लावलं तू. काढ.”

आता त्या दिवसाचं सांगते. अंबडच्या रस्त्यावरचं एक गाव, नाव लिहीत नाही. तिथल्या शाळेनं रझाकाराचा ड्रेस सांगितला होता. पेटी घेऊन आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं गेलो. झेंडावंदन होऊन मंडपात माणसं बसलेली, पाहुण्यांची जीप आलेली. मोठे सर घाईनं आमच्याकडं आले. बरोबर एक सहावी-सातवीतला मुलगा. त्याला मी इथं सोहेल म्हणते, खरं नाव वेगळं आहे.

“आक्का, याला जल्दी तयार करा.”

आक्कांनी पोराकडं बघितलं. “चिठ्ठी याची निघाली?”

सर जरा घुटमळले. चिठ्ठी गावातल्या एका मोठ्या घरच्या नातवाची निघाली होती. त्याचे आजोबा तिथंच पुढच्या खुर्चीत होते, ते आपणहून उठून आले. “बाई, आमच्या घरातल्या माणसानं रझाकाराच्या गोळ्या चुकवल्यात. आमचं पोर तो डगला घालील व्हय?”

“नाटकच हाय ना, आबा?”

“नाटक असलं म्हणून काय झालं? लोक काय म्हणतील त्याला?”

“मी बी तेच म्हणून राह्यले,” आक्का म्हणाल्या.

आबांना ते कळलं की नाही कोण जाणे. ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. सर म्हणाले, “हा तयार आहे, आक्का. स्वतःहून तयार आहे.”

आक्का पेटीवर बसल्या. पोराला जवळ ओढलं. “काय रे बाळा, तुला नाटकात कोण व्हायचं होतं?”

“गावकरी. म्हंजे, आहेच मी गावकरी.” तो हळूच म्हणाला. “मला हाकलायचं असतं त्याला. शेवटी.”

“मंग सरांना न्हाई म्हणायचं ना.”

“सर म्हणले, नाटक होणार न्हाई मंग.” तो बोलताना हात मागं बांधून उभा होता आणि एका पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मला माझी लेक आठवली.

माईकवरून नाटकाचं नाव पुकारलं गेलं. सर हात जोडून म्हणाले, “आक्का, ऐनवेळी आता मी दुसरं कोण आणू? उघडा पेटी.”

आक्कांनी टाचण्या गादीला टोचायच्या म्हणून हात नेला, पण गादी दुकानात होती. त्या माझ्या पदराला टोचल्या.

“उघडते. पण मी घालते.”

सर हसले. मग त्यांना कळलं की ही बाई हसत नाहीये.

तो डगला बारा वर्षांच्या मुलाच्या मापाचा. आक्कांच्या अंगात बाह्या कोपरापर्यंतच आल्या, पुढची बटनं लागायचा प्रश्नच नव्हता. पट्टा पुरेना, तो मी मागून नाडीनं बांधला. टोपी अंबाड्यावर बसेना, ती टाचणीनं टोचली. खाली जांभळी साडी. दर वर्षी पायरीशी उभं राहून त्यांना संवाद पाठ झाले होते. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, डगला ओढून नीट केला आणि चढल्या.

मंडपात आधी हशा उसळला. मग आक्का ओरडल्या, “गल्ला कुठं लपवला? काढ बाहेर! न्हाई तर घर पेटवतो!” असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. पुढच्या सतरंजीवरचं एक पोर रडायला लागलं. हशा थांबला. शेवटी गावकऱ्यांनी रझाकाराला धरून हाकलायचं असतं, तर पोरं जागच्या जागी उभी. आजीच्या वयाच्या बाईला धक्का कसा मारायचा? आक्का दातांतून म्हणत होत्या, “ढकला रे मेल्यांनो, ढकला, मला काय होत न्हाई.” मग सोहेल पुढं आला आणि त्यानं असं जोरात ढकललं की आक्का खरोखर दोन पावलं मागं गेल्या. मंडप टाळ्यांनी भरला. आक्का उतरल्या. शेवटच्या पायरीवर उभं राहून डगला काढला, झटकला, घडी घातली. “पोराच्या हातात जोर हाय,” एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, निभावलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या कापडवाल्यानं मोबाईल आणून दाखवला. कुणीतरी तेवढाच तुकडा काढला होता. आक्का, खाकी डगला, काळी टोपी, ‘घर पेटवतो.’ ढकललेलं नाही, टाळ्या नाहीत. खाली लिहिलेलं, ‘मुक्तिदिनाच्या दिवशी हे धंदे. ओळखा ही कोण.’ ओळखायला काय वेळ लागतो? दुकानाची पाटी तर रस्त्यावर.

आधी काही पोरं आली, रझाकाराचं कौतुक करता का म्हणाली. मग दुसऱ्या बाजूची दोन माणसं आली, तुम्ही मुद्दाम आम्हाला डिवचता म्हणाली. शेवटी आक्कांचा भाचा आला, मास्तर आहे तो, त्याचं बोलणं सगळ्यात लागलं. “आत्या, तू बी? आपल्या माणसांना त्या काळात काय कमी सोसावं लागलं? अन् तू तोच डगला घालून नाचती?”

“नाटक होतं, बाबा.”

“मंग शाळेतली पोरं काय मेली होती का? तूच काहून?”

मी आतून ऐकत होते. आता सांगतील, मला वाटलं. आक्का म्हणाल्या, “हौस आली मला.”

भाचा चप्पल घालून निघून गेला. मी बाहेर आले. “आक्का, खरं का नाही सांगितलं? सरांना फोन करा. ते सांगतील ना की तुम्ही त्या पोराच्या जागी...”

“सर फोन उचलून न्हाई राह्यले. अन् उचलला तरी सांगायचं न्हाई.”

“का?”

“अगं भंडारेवाली, मी कोणाच्या जागी उभी राह्यले ते सांगितलं की त्या पोराचं नाव निघालं. मंग तेच म्हणतील ना सगळे, हाच तो, याला रझाकार करणार होते. मोबाईलवर तो बी फिरंल. मंग मी डगला घातला कशाला?”

मी खूप वाद घातला. एवढी भित्री मी, पण त्या दिवशी घातला. म्हटलं, तुमचं दुकान जाईल. म्हणाल्या, जाईल. म्हटलं, भाच्याला तरी एकट्याला सांगा. म्हणाल्या, तो बायकोला सांगंल, बायको माहेरी सांगंल.

आणि दुकान गेलंच. कुणी फोडलं-बिडलं नाही. डिसेंबर आला, गॅदरिंगं आली आणि शाळावाले आलेच नाहीत. दर वर्षी ज्यांची रांग लागायची त्या मास्तरीणबाई समोरच्या फुटपाथवरून मान खाली घालून जायच्या. घरमालक चांगला माणूस, पण त्यालाही लोक बोलत होते. त्यानं चहा पाजून सांगितलं की पाटी तेवढी उतरवा. पाटी उतरवल्यावर दुकान कसलं? आक्कांनी भोकरदनला लेकीकडं जायचं ठरवलं. मशीन माझ्याकडं ठेवली, गल्लीतल्या बायकांना बोलावून सांगितलं की ब्लाऊज हिच्याकडं टाका, हिचा गळा बसतो. माझं आजही त्यावरच चाललंय.

पेट्या बांधताना वंगाळ पेटी आली. मी डगला बाहेर काढला. “हा तरी जाळून टाकू, आक्का. याच्यापायी सगळं झालं.”

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, काखेत उसवला होता तिथं बोट घातलं. “जाळून काय व्हतं? शाळांना तर लागणारच. दुसरीकडून आणतील. अन् ते चिठ्ठ्या टाकायला सांगणार न्हाईत.” मग माझ्यापुढं टाकला. “शिवून दे एवढं.” मी शिवून दिला.

टेम्पो सकाळीच आला. पेट्या मागं रचल्या, वर रावणाची डोकी दोरीनं बांधली. आक्का पुढं ड्रायव्हरच्या शेजारी चढल्या, मांडीवर राजांच्या मुकुटांचं गाठोडं. ड्रायव्हर नवा पोरगा होता. म्हणाला, “मावशी, काय सामान हाय? फुटायचं हाय का काही?”

“राजे-महाराजे हायेत. गचके देऊ नको.”

मी खिडकीशी उभी होते. आक्का म्हणाल्या, “रडून काय राह्यली? लेकीला शाळा सोडू देऊ नको. बिलकुल. अन् दोरा दातानं तोडू नको, दात जातात.” टेम्पो धान्याच्या गाड्यांमधून वाट काढत निघाला. गल्लीच्या वळणावर रावणाचं एक डोकं सुटून लोंबायला लागलं, तसा आक्कांचा हात खिडकीतून बाहेर आला आणि त्यांनी ते मागच्या मागं धरलं. वळेपर्यंत तो हात दिसत होता.

मी फोन करते. आक्का भाच्याचं नाव कधी काढत नाहीत, आणि भाचा अजून त्यांच्याकडं जात नाही, एवढं मला त्यांच्या लेकीकडून कळतं.

सोहेल यंदा दहावीला आहे. कळता झाला की मी त्याच्या घरी जाणार आहे आणि त्याला विचारणार आहे, सांगू का? तो नाही म्हणाला तर माझं तोंड बंद, आणि हे लिहिलेलंही मशीनच्या खणातच राहील. हो म्हणाला तर पुढच्या मुक्तिदिनाला मी त्या शाळेच्या मैदानावर जाईन. आबा, सर, आक्कांचा भाचा, सगळ्यांना बोलावीन. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी माईक हातात घेईन आणि भागाआक्का त्या दिवशी कुणाच्या जागी उभ्या राहिल्या, ते सांगीन. आक्का, तुमचं मी दुसरं काही फेडू शकत नाही. एवढं फेडीन.